गप्प काम

१९९६ च्या मार्चमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यातला रोबो ट्रकवर चढवून सिल्व्हासाला नेण्यात आला. कारखान्यात तो एकच होता. तो कोणत्या कामाला लावायचा हे अडीच वर्षांपूर्वी ज्यांनी ठरवले, ते आमचे साहेब त्या दिवशी कामावर नव्हते. आदल्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला होता. रंगखोलीतल्या माणसांपैकी ट्रकमागे सिल्व्हासाला कोणीही गेले नाही.

कारखान्यात मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या बनत. पत्रा प्रेसखाली दाबून आकार द्यायचा, दोन अर्धे जोडायचे, धुवायचे, रंगवायचे. कोणते काम कोणी, कसे, किती वेळात करावे हे ठरवणारा एक लहान विभाग होता. कामगार आम्हाला 'घड्याळवाले' म्हणत. साहेब विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली होतो. नंतर नोकरी सोडून वर्तमानपत्रात गेलो.

घड्याळवाल्यांचे प्रमुख असूनही साहेब घड्याळ घेऊन कोणाच्या मागे उभे राहत नसत. ते काम स्वतः करून बघत. पाळी सुरू होताना कापडी पिशवीतून जुना सदरा काढायचे, अंगावरचा पांढरा सदरा घडी घालून फोरमनच्या टेबलावर ठेवायचे आणि मशिनीवरच्या माणसाला म्हणायचे, "अहो, आज तुम्ही बसा. मी करतो. चुकलं की ओरडा." वयाने लहान असो की मोठा, प्रत्येकाला 'अहो'च. पाळी संपेपर्यंत ते तिथून हलत नसत. डबाही तिथेच उघडत. त्यांच्या हातून माल बिघडे, फोरमन कपाळाला हात लावे, माणसे हसून घेत. कोणी एखाद्या कामाबद्दल मत मांडले की साहेबांचे उत्तर ठरलेले असे. "करून बघा, मग बोला." त्यावरून त्यांचे नाव 'करून बघा साहेब' पडले आणि ते गेटवरच्या चहावाल्यापर्यंत पोहोचले.

डोंबिवलीला त्यांच्या चाळीच्या गॅलरीत ते जुने सदरे वाळत असत. ऑइलचा काळा, ॲसिडने पडलेली भोके, वेल्डिंगच्या ठिणग्यांचे ठिपके. शेजारीण त्यांच्या पत्नीला विचारायची, "काय वहिनी, या आठवड्यात कुठल्या खात्यात आहेत भावोजी?" पुतणीच्या लग्नात ते वधूपक्षाचे वडीलधारे म्हणून पुढच्या रांगेत बसायचे होते. सापडले मुदपाकखान्यात, आचाऱ्याबरोबर जिलेब्या तळताना. व्याही शोधत आले तेव्हा घामाघूम होऊन म्हणाले, "या माणसाला पाणी द्यायला इथे कोणीच नाही, बघितलंत का तुम्ही?"

कामांची त्यांची स्वतःची वर्गवारी होती आणि ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. बोलके काम, गाणारे काम आणि गप्प काम. मशिनीवरची माणसे एकमेकांशी बोलत असतील तर ते बोलके. हात आपोआप चालतात आणि माणूस स्वतःशी गुणगुणतो, ते गाणारे. आमच्याकडचे वेल्डर मुखवट्याआड गात असत. जवळ गेल्याशिवाय ते ऐकू येत नसे. साहेब जवळ जाऊन ऐकत. तिसरे गप्प काम. तिथे कोणी तोंडच उघडत नाही.

"पहिल्या दोनांत सुधारणा करा," ते आम्हाला सांगत. "तिसरं माणसाकडून काढून घ्या."

१९९२ मध्ये मोठे मालक गेले आणि सूत्रे धाकट्या मालकांकडे आली. ते परदेशात शिकून आले होते. वर्षभरात त्यांनी रोबो मागवला. एक हात, तळाशी घट्ट बसवलेला. तो गन धरू शकत होता, वेल्डिंगची किंवा रंगाची. एकच घ्यायचा, एकाच कामाला लावायचा, आणि काम निवडायचे साहेबांनी.

धाकट्या मालकांच्या मनात वेल्डिंग होते. "तिथं माणसं जास्त, पगार जास्त, युनियनचे सगळे पुढारी तिथलेच," ते आमच्यासमोर म्हणाले. "सिंपल आहे ना?"

साहेब म्हणाले, "वेल्डर गातात."

"म्हणजे?"

साहेबांनी वर्गवारी सांगितली. धाकटे मालक हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघितले. साहेबांनी त्यांना सुचवले की तुम्ही एक पाळी रंगखोलीत उभे राहा.

"मला लहानपणापासून दमा आहे," मालक म्हणाले.

"मग तुम्हाला समजायला सोपं आहे."

रंगखोली म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, समोर पाण्याचा पडदा आणि वर एक पंखा. पंखा रंगाचे धुके ओढून घेई, सगळे नाही. माणसे नाकाला फडके बांधत. कंपनीने दिलेले मास्क होते, पण त्यातून दम घेता येत नाही म्हणून ते खुंटीवर टांगलेले असत. टाकी आकड्याला लटकत समोर येई. रंगारी तिच्याभोवती गन फिरवी. टाकीच्या तोंडाशी, जिथे झाकण बसते तिथे, खळग्यामुळे फवारा उलटून चेहऱ्यावर येई.

तिथला सगळ्यात जुना रंगारी चेंदणी कोळीवाड्यातला होता. घरी होडी होती, भाऊ खाडीत जात, म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणत. त्याने स्वतः कधी होडी चालवली नव्हती, पण नाव टिकले. खोकला त्याला आधीपासून होता. तो टाकीच्या तोंडाचा भाग रंगवताना श्वास धरून ठेवी. काम झाले की अर्धे पाऊल मागे येई, गन खाली करी, श्वास सोडी, नवा घेई आणि पुन्हा पुढे जाई. दर टाकीला हेच.

साहेबांनी एक पाळी नाखव्याच्या जागी काढली. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला आणि न खाता बंद केला. पुढचा आठवडाभर नाक शिंकरले की त्यांच्या रुमालात टाक्यांच्या रंगाचे निळे येत होते. त्यांनी ते मला दाखवले, कामाचा एखादा नमुना दाखवावा तसे.

"खोलीत दिवसभरात कोण किती बोललं?" त्यांनी विचारले. मी पाळीभर दाराशी उभा होतो.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"झालं तर."

निर्णय कळला तेव्हा युनियनने गेट मीटिंग घेतली. युनियनचा सेक्रेटरी वेल्डर होता, आवाज मोठा. "आज रंगखोली, उद्या आपली पाळी!" तो ओरडला. "ह्या करून बघा साहेबाला सांगा, आधी आमच्या पोटावर करून बघ!" लोक हसले. साहेब गर्दीत मागे उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "अहो सेक्रेटरी, तुमचं बरोबर असेल. उद्याची पाळी रंगखोलीत काढा. मग तुम्ही सांगाल ते काम रोबोला देऊ."

सगळ्यांसमोर म्हटल्यावर सेक्रेटरीला नाही म्हणता आले नाही. दुसऱ्या दिवशी तो फडके बांधून आत गेला. जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर आला आणि नळाखाली डोके धरून बराच वेळ उभा राहिला.

कोणीतरी विचारले, "काय झालं, लीडर?"

"तिथं घोषणा देता येत नाय रे," तो म्हणाला.

त्यानंतर विरोध उरला नाही. एक प्रश्न उरला. रंगखोलीतल्या माणसांचे काय?

नाखव्याने साहेबांना हे आधीच विचारले होते. "साहेब, मशीन येल ती येल. मी कुठं जावाचा?"

"तपासणीला," साहेब म्हणाले. "तयार टाक्या बघायच्या. हाच पगार. बसून काम."

"शब्द हाय?"

"आहे."

साहेबांच्या शब्दाला मालकांचा शब्द लागणार होता. आमच्या कारखान्यात अशा गोष्टीची एक पद्धत होती. मोठ्या मालकांच्या काळात एक लांबलेला संप झाला होता आणि तो खंडेनवमीला मिटला. मशिनी धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा झाल्यावर मोठे मालक आणि त्या वेळचा सेक्रेटरी यांनी सगळ्यात जुन्या प्रेसवर हात ठेवून एकमेकांना शब्द दिला. कागद केला नाही. दोघांनी पाळला. तेव्हापासून दर खंडेनवमीला पूजेनंतर मशिनीवर हात ठेवून जे बोलले जाई, ते लिहून घेण्याची कोणाला गरज वाटत नसे. त्यावर बोनस ठरले, बदल्या थांबल्या, एकदा एका फोरमनने दारू सोडली. शब्द मोडल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते.

रोबो बसवायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. या रोबोला शिकवण्याची रीत अशी होती की कसबी माणसाने त्याचा हात धरून एकदा काम करून दाखवायचे. तो हालचाली साठवतो आणि पुढे तशाच करतो. नाखव्याला बोलावले. त्याने रोबोचा हात धरला आणि टाकीभोवती फिरवला. तोंडाशी श्वास धरला. खळगा झाला, अर्धे पाऊल मागे आला, श्वास घेतला, पुन्हा पुढे गेला.

इंजिनिअर म्हणाला, "काका, मध्ये थांबू नका. ते पण रेकॉर्ड होतं."

नाखव्याने पुन्हा केले. पुन्हा मागे आला. तिसऱ्यांदा त्याने ठरवून मागे न येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा टाकीच्या तोंडाशी रंग साचून ओघळला.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "ते श्वास घेताहेत."

"पण सर, मशीनला—"

"राहू द्या."

नाखवा खोकत हसला. "मंग ह्याला बी दम लागंल काय, साहेब?"

कामगार रोबोला 'सोंड' म्हणू लागले. त्या खंडेनवमीला सोंडेला झेंडूची माळ घातली. हळदकुंकू वाहायला नाखव्याला पुढे केले. मशीन ज्याचे, पूजा त्याची, हा नियम होता. त्याने नारळ फोडला. मग धाकट्या मालकांनी सोंडेवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितले की रंगखोलीतली माणसे याच कारखान्यात राहतील, याच पगारावर, निवृत्त होईपर्यंत. मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. परतताना मी विचारले, "हे एकदा लिहून घ्यायचं का?"

उत्तर सेक्रेटरीने दिले. "देवापुढं पावती मागतो का आपण?"

साहेबांनी मान डोलावली.

पुढची दोन वर्षे रंगखोलीत माणूस नव्हता. दाराला नव्याने बसवलेल्या काचेतून सोंड दिसे. ती टाकीच्या तोंडाशी जाई, वळसा घाली, मागे येई, क्षणभर थांबे, पुन्हा पुढे जाई. नवी माणसे विचारत, बिघडलीय का? जुनी म्हणत, नाखवा दम घेतोय.

नाखवा ट्यूबलाइटखाली स्टुलावर बसून टाक्या तपासत असे. तो बोलू लागला. आधी कोणाला खरे वाटले नाही. रंगखोलीत त्याचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता. खाडीत पूर्वी कोणती मासळी मिळे, कोणत्या गटारामुळे ती गेली, टेंभी नाक्यावर दहीहंडीत तो वरच्या थराला कसा होता, हे तो टाकी फिरवता फिरवता सांगे. शेजारचा तपासनीस साहेबांकडे तक्रार घेऊन आला. "साहेब, ह्यांना परत आत घाला. डोकं खाल्लं माझं." साहेबांनी ती तक्रार घरी पत्नीला सांगितली. पुढे तिनेच ती मला सांगितली. ती सांगताना ते हसल्याचे तिला आठवत होते. खोकला मात्र कमी झाला नाही.

१९९५ च्या शेवटी धाकट्या मालकांनी रंगकाम सिल्व्हासाला हलवायचे ठरवले. तिथे करात सवलत होती. रंगखोली आणि तपासणी जाणार, प्रेस आणि वेल्डिंग ठाण्यातच राहणार. रंगखोलीच्या जुन्या माणसांपुढे दोन पर्याय ठेवले: सिल्व्हासाला या, किंवा स्वेच्छानिवृत्ती घ्या.

सेक्रेटरी, नाखवा आणि साहेब मालकांच्या केबिनमध्ये गेले. टिपणे घ्यायला मी होतो.

सेक्रेटरी म्हणाला, "मालक, सोंडेवर हात ठेवून बोलला होतात."

"आठवतंय मला," मालक म्हणाले. "तेव्हा खरंच तसं मनात होतं. आता परिस्थिती वेगळी आहे."

"मोठे मालक असते तर—"

"ते नाहीयेत."

साहेब टेबलाशी पुढे आले. त्यांनी विचारले, "रोबो वेल्डिंगला लावला असता, तर वेल्डिंग हलवलं असतं का?"

मालकांनी थोडा विचार केला. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. "बहुतेक," ते म्हणाले. "माणसं हलवायची तर घरं द्यावी लागतात, भाषणं ऐकावी लागतात. ह्याला एक क्रेन पुरते. तुम्हीच सोपं करून दिलंत."

नाखवा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मना नाय जावाचा सिल्वासाला. मना टेसनचा दादरा बी चढवत नाय."

सेक्रेटरी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेला. तिथे त्याला विचारण्यात आले की मालकांच्या आश्वासनाचा कागद आहे का. त्याने मशिनीवर हात ठेवल्याचे सांगितले. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला चहा पाजला. प्रकरण पुढे गेले नाही. वेल्डरांनी एक दिवस काम बंद ठेवले. दुसऱ्या दिवशी ते मशिनींवर परतले.

रंगखोलीतल्या सगळ्यांनी निवृत्ती घेतली. नाखव्याने सगळ्यात शेवटी.

राजीनामा दिल्यावर साहेब कोळीवाड्यात गेले. मला बरोबर नेले. नाखवा दारात खाटेवर बसला होता. त्याची बायको मच्छी विकून नुकतीच परतली होती, टोपली धूत होती. तिने आम्हाला बसायला सांगितले, पाणी दिले. साहेब म्हणाले की मी नोकरी सोडली.

"तुमी सोडली," ती म्हणाली. "ह्याची गेली."

"अगं, गप," नाखवा म्हणाला.

"कनाला गप? साहेब, तुमी त्या खोलीन आला नसता तं हा तितंच कामाला असता."

साहेब म्हणाले, "बाई, तिथे ते वाचले नसते."

"नसता वाचला. पगार घेत मेला असता. आता घरान बसून मरल."

नाखवा हसायला लागला आणि त्याचे हसणे खोकल्यात गेले. बायकोने हात पुसून त्याला पाणी दिले. निघताना साहेबांनी त्याला नमस्कार केला. नाखवा म्हणाला, "साहेब, दोन वरसा मी बोललो. ती तुमची."

नाखवा १९९७ मध्ये नारळी पौर्णिमेच्या आधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वारला. कागदावर क्षय लिहिले होते. साहेब स्मशानात आले, मागे उभे राहिले आणि तिथूनच डोंबिवलीला गेले.

नोकरी सोडल्यावर ते कल्याणजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. पहिल्याच सत्रात त्यांनी अट घातली: प्रत्येकाने विठ्ठलवाडीपासून शहाडपर्यंतच्या कोणत्याही एका वर्कशॉपमध्ये पूर्ण पाळी उभे राहायचे आणि तिथले गप्प काम कोणते ते सांगायचे. पालकांनी तक्रारी केल्या. एका विद्यार्थ्याचा हात भाजला. पुढच्या वर्षी कॉलेजने त्यांना बोलावले नाही. शेवटच्या तासाला एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, गप्प काम सापडल्यावर त्याचं करायचं काय?" हा मुलगा पुढे माझ्या वर्तमानपत्रात संगणक विभागात लागला, त्याने मला हे सांगितले. पूर्वी साहेबांकडे या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात तयार असे. त्या दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत होतं." तास संपायला अवकाश होता. ते फळा पुसून बाहेर गेले.

त्यानंतर ते कोणाचे काम करून बघत नसत, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. घरी पंख्याचे बटण बिघडले तरी इलेक्ट्रिशियनला बोलावत आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. जुने सदरे तिने बोहारणीला दिले. निळ्या डागांचा एक बोहारणीने घेतला नाही.

साहेब १९९८ च्या डिसेंबरमध्ये डोंबिवलीत राहत्या घरी हृदयविकाराने गेले. सेक्रेटरी अंत्ययात्रेला आला होता. तोपर्यंत ठाण्याचा कारखाना पूर्ण बंद झाला होता आणि तो रिक्षा चालवत होता. "वेल्डिंगबी गेलं शेवटी," तो मला म्हणाला. "साहेबांनी आम्हाला दोन-अडीच वर्षं काढून दिली. नाखव्याच्या वाटची."

पुढच्या वर्षी वर्तमानपत्राच्या कामासाठी मी सिल्व्हासाला गेलो. कारखान्यात परवानगी मिळाली. रंगखोली नवी होती, काच मोठी होती. आत तोच रोबो होता. तळाशी आमच्याकडच्या कुंकवाचा डाग रंगाखालून दिसत होता. टाकी आली. हात तोंडाशी गेला, खळग्याला वळसा घातला, मागे आला, गन खाली झाली, थांबला, पुन्हा पुढे गेला.

मी ऑपरेटरला विचारले की तो मध्ये का थांबतो.

"आला तेव्हापासून तसाच आहे," तो म्हणाला. "आम्ही ते काढून बघितलं होतं. तोंडाजवळ रंग ओघळतो. म्हणून परत घातलं."